आयोवाचे ‘आयर्नमेन’ आणि १९३९चा मोसम

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या १९३९च्या अमेरिकन फुटबॉल संघाला ‘आयर्नमेन’ (पोलादी माणसं) म्हणतात ते निव्वळ वर्तमानपत्री कौतुक होतं का आणि सगळं श्रेय एकट्या नाईल किनिक या त्यांच्या खेळाडूचं मानायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नाही.

आधी नियम पाहा. (हा फुटबॉल चेंडू हातात घेऊन खेळायचा.) तेव्हा एकदा बाहेर बसवलेला खेळाडू त्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी एकात) परत येऊ शकत नसे. त्यामुळे चढाई करणारेच बचावालाही उभे राहत. सगळ्याच संघांचं हे असंच होतं, पण बड्या संघांकडे दमलेल्यांच्या जागी उतरवायला दुसरी दमदार फळी असे. आयोवाकडे ती नव्हती. आदल्या वर्षी आठ सामन्यांत एकच विजय. नवे प्रशिक्षक एडी अँडरसन पेशाने डॉक्टर. त्यांनी मोजक्याच गड्यांवर भिस्त ठेवली आणि त्यातले कित्येक जण पूर्ण ६० मिनिटं मैदानावर राहू लागले. नाव पडलं ते यामुळे.

इंडियानाविरुद्धचा सामना मला सर्वांत जास्त सांगावासा वाटतो. आयोवा २६-२९ असा मागे, चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याची शेवटची संधी. फील्ड गोल मारून (खांबांमधून लाथ, तीन गुण) बरोबरी साधायची सोय होती. किनिकने ती नाकारून पास टाकला, कर्णधार अर्विन प्रासने झेलला, टचडाउन झालं (चेंडू गोलरेषेपार गेला की सहा गुण) आणि आयोवाने सामना ३२-२९ने जिंकला. प्रास तिथे नसता तर त्या धाडसाला मूर्खपणा म्हटलं गेलं असतं, म्हणून एकट्या किनिकचं नाव घेणं मला पटत नाही. पुढच्याच सामन्यात मिशिगनने २७-७ असं झोडपलं. परड्यूला हरवलं ते ४-० असं, एकही टचडाउन न करता, फक्त दोन सेफ्टींवर (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवलं की दोन गुण)! बचावाचा विजय म्हणतात तो हा.

मग ११ नोव्हेंबर, समोर अपराजित नोटर डेम. किनिकने टचडाउन केलं आणि टचडाउननंतर मिळणाऱ्या किकचा वरचा एक गुण ड्रॉपकिकने मिळवला: चेंडू हातातून जमिनीवर सोडायचा आणि उसळताक्षणी लाथ मारायची. आज हा प्रकार जवळजवळ नामशेष झालाय. नोटर डेमचा तोच एक गुण हुकला. निकाल ७-६. आठवड्याने मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये ०-९ अशी पिछाडी होती. किनिकचे दोन पास, एक प्रासला, एक बिल ग्रीनला, आणि १३-९!

शेवटी नॉर्थवेस्टर्नशी ७-७ बरोबरी झाली. त्या सामन्यात किनिकचा खांदा निखळला. तोवर तो सलग ४०२ मिनिटं खेळला होता. सहा विजय, एक हार, एक बरोबरी. बिग टेन या विद्यापीठांच्या लीगमध्ये दुसरा क्रमांक.

डिसेंबरमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइजमन करंडक स्वीकारताना किनिक म्हणाला, युरोपच्या रणभूमीवर नाही तर मिडवेस्टच्या (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या) मैदानांवर लढतोय याबद्दल देवाचे आभार. ते भाषण मी आजही शांतपणे ऐकू शकत नाही. कारण पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या तीनच दिवस आधी तो नौदलात रुजू झाला आणि २ जून १९४३ला सरावाच्या उड्डाणात तेलगळती होऊन त्याचं विमान व्हेनेझुएलाजवळ समुद्रात कोसळलं. वय २४. आयोवाच्या स्टेडियमला १९७२पासून त्याचं नाव आहे आणि बिग टेनच्या सामन्यांत नाणेफेकीला जे नाणं उडतं, त्यावर त्याचा चेहरा असतो.