नावं खोडून केलेलं मतदान

प्रश्न : १९८९ मध्ये पोलंडमध्ये कम्युनिस्टांचीच सत्ता होती, मग सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, विरोधकांकडे कशी गेली?

उत्तर : खालच्या सभागृहातल्या ६५ टक्के जागा कम्युनिस्टांनी स्वतःसाठी आणि मित्रपक्षांसाठी राखल्या, सिनेटच्या १०० जागा मात्र खुल्या सोडल्या. मला आजही भिडते ती तिथली मतपत्रिका. तिच्यावर शिक्का मारायचा नव्हता, नको ती नावं पेनाने खोडायची होती. चाळीसेक वर्षं खरी निवड न मिळालेली माणसं ४ जूनला एकेक नाव खोडत गेली! दोन फेऱ्यांनंतर सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेला ९९ जागा, एक अपक्षाला. सत्ताधाऱ्यांना एकही नाही. त्याच दिवशी बीजिंगमध्ये लष्कराने निदर्शकांचं रक्त सांडलं होतं. दोन्ही बातम्यांची कात्रणं माझ्या वहीत शेजारीशेजारी चिकटवलेली आहेत.