'पाचारणाची तयारी' की 'सेवेची तयारी'?

प्रश्न थोडक्यात असा : एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवक-शिबिराचा विषय ठरला, 'देवाने दिलेल्या पाचारणाची तयारी'. फलक रंगवून झाला आणि एका काकांनी हरकत घेतली. 'पाचारण', म्हणजे देवाने आपल्या कामासाठी माणसाला बोलावणं, हा शब्द आजच्या मुलांना कळत नाही, त्याऐवजी 'देवाच्या बोलावण्याची तयारी' लिहा, असं त्यांचं म्हणणं. विचारणाऱ्या ताईंना दोन्हीत काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही.

ताई, काकांची सूचना तेवढी मानू नका. मराठीत 'देवाचं बोलावणं आलं' म्हणजे माणूस गेला. 'वरचं बोलावणं' म्हटलं तरी तेच. त्या बोलावण्याची तयारी करायला मुलांना तीन दिवस शिबिरात धाडायचं म्हटलं, तर आया दारातूनच परत नेतील.

'आवाहन' चालेल का? त्याची दिशा उलटी आहे. पूजेत आधी देवाचं आवाहन करतात आणि शेवटी विसर्जन. तिथे माणूस देवाला बोलावतो. शिवाय हल्ली आवाहन पाणी जपून वापरा असं सांगण्यासाठी असतं, आणि निम्मे लोक ते 'आव्हान' असं लिहितात. 'हाक' मात्र गोड शब्द आहे. बायबलात शिलोच्या मंदिरात निजलेल्या लहानग्या शमुवेलाला देव हाक मारतो आणि तो तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो, तिथे 'हाक'च हवी. पण हाक क्षणाची असते. आयुष्यभर पुरणाऱ्या गोष्टीला ती अपुरी पडते.

राहिलं 'पाचारण'. हा शब्द मुलांना कळत नाही, हे मला पटत नाही. आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण होतं, बेवारस बॅग दिसली की बॉम्बशोधक पथकाला. वर्तमानपत्रात रोज वाचतो आपण. जुन्या मराठीत 'पाचारणे' असं सरळ क्रियापद होतं. आता 'पाचारण करणे' किंवा 'पाचारण होणे' उरलं आहे. बातम्यांतला हा वापर ख्रिस्ती अर्थापासून फार लांब नाही. आमंत्रण जेवायला असतं, पाचारण कामाला. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, हा भेद सांभाळलेला दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायातल्या लग्नाच्या मेजवानीला पुष्कळ जण 'बोलावलेले' आहेत. पण इफिसच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात, म्हणजे इफिसकरांना, प्रेषित पौल शोभेलसं चालायला सांगतो, ते 'पाचारणाला'. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकाच धातूचे शब्द आहेत. मराठीने ते दोन घरांत नांदवले.

गोव्याच्या कोकणीत याला 'आपोवणें' म्हणतात. कॅथलिक लोकांत हा शब्द निघाला की बहुधा धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होण्याविषयी बोलणं चाललेलं असतं; १९६४पासून दरवर्षी त्यासाठी जगभर प्रार्थनेचा खास रविवारही पाळतात. प्रॉटेस्टंटांत अर्थ जरा पसरट झाला. जर्मनमध्ये तर साध्या धंदा-नोकरीलाही मुळात 'पाचारण' असा अर्थ असलेलाच शब्द आहे, आणि ते धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या बायबल-भाषांतराचं देणं. आपल्याकडे मात्र कोणी सुतार 'मला रंध्याचं पाचारण झालं' म्हणत नाही. म्हणायला हरकत नव्हती.

आता फलकाकडे येऊ. खटकण्याचं पहिलं कारण 'दिलेल्या' हा शब्द. दान देतात, वर देतात. पाचारण करतात, किंवा ते होतं. 'देवाने दिलेले पाचारण' ही इंग्रजीतून उचललेली जोडी आहे. 'देवाचे पाचारण' पुरे. आणि मराठी ख्रिस्ती माणूस बोलताना काय म्हणतो ते ऐका : 'मला पाचारण झालं.' ताप येतो, साक्षात्कार होतो, तसंच हे. यात 'मी' कर्ता होऊच शकत नाही. 'मी पाचारण निवडलं' असं वाक्य एका पत्रकात वाचलं होतं, तेव्हा दाताखाली खडा आला.

दुसरं कारण खरं महत्त्वाचं. 'परीक्षेची तयारी', 'लग्नाची तयारी', 'पेरणीची तयारी' : 'ची' लावून तयारी जोडली की ती गोष्ट अजून व्हायची असते. लग्न झाल्यावर लग्नाची तयारी कोण करतं? मग 'पाचारणाची तयारी' म्हणजे पाचारण अजून झालेलं नाही, ते व्हावं म्हणून आपण काही करतो आहोत, असा अर्थ होतो. शास्त्रातला क्रम उलटा आहे. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की आईच्या उदरात असल्यापासूनच देवाने आपल्याला वेगळं केलं आणि कृपेने बोलावलं. मग तो अरबस्तानात गेला, दिमिष्काला (दमास्कसला) परतला, आणि तीन वर्षांनी यरुशलेमेस चढला. पाचारण मागे, तयारी त्यानंतर, आणि पुढे सेवा. जी गोष्ट पुढे आहे तिलाच 'ची' लावा : सेवेची तयारी.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण शिबिरात जरूर सांगा. बायबल साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत आणायचं, एवढ्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना चालवला, मिशनमधल्या बायका छपाईचं काम शिकल्या. काम दीड तप चाललं आणि १९२२मध्ये मृत्यूच्या तोंडावर पुरं झालं. यातली तयारी कुठे संपली आणि सेवा कुठे सुरू झाली, रेघ मारून दाखवता येणार नाही.

तयारीसाठी शास्त्रात 'सिद्ध करणे' हेही येतं, पण ते फलकावर नको. 'सिद्धता' म्हणजे तयारी हा जुना अर्थ. आजची मुलं 'स्वतःला सिद्ध करणे' म्हणजे आपली लायकी दाखवून देणे असं समजतात, आणि मग सगळाच अर्थ उलटतो. इफिसकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पवित्र जनांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करण्याबद्दल जो ग्रीक शब्द आहे, त्याचंच क्रियापद मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. तिथे याकोब आणि योहान हे कोळी भाऊ तारवात बसून जाळी नीट करत आहेत, फाटलेलं सांधत आहेत, आणि नेमकी तेव्हाच येशू त्यांना हाक मारतो.

तेव्हा फलकावर 'देवाचे पाचारण आणि सेवेची तयारी' असं लिहा. 'देवाने दिलेल्या' आणि 'पाचारणाची' यांवर पांढरा हात मारावा लागेल. 'तयारी' तेवढी जुन्या रंगातली चालेल.