मराठीतून बोधनिक मानसशास्त्र शिकवताना साहित्य कुठून आणायचं आणि आपलं इतरांना कसं द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या कॉलेजात टीवायबीएला बोधनिक मानसशास्त्र (कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी, म्हणजे आठवण, वाचन, लक्ष असल्या मानसिक क्रियांचा अभ्यास) शिकवता, मुलं मराठी माध्यमाची, प्रयोगशाळा म्हणजे स्टाफरूममधलं एक कपाट. नवं संशोधन कुठे वाचायचं, वर्गात वापरायला साहित्य कुठे मिळेल, आणि तुमच्यासारख्या इतर शिक्षकांशी देवाणघेवाण कशी करायची? मीही बरीच वर्षं बीएच्या मुलांना हाच विषय शिकवतो आहे, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

नोट्स आणि पीपीटी यांचा आपल्याकडे सुकाळ आहे. शिक्षकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला चार पीडीएफ येऊन पडतात, त्यातल्या तीन एकाच मूळ पुस्तकाच्या नकला असतात. टंचाई आहे ती मराठीत प्रत्यक्ष करून बघितलेल्या प्रयोगसाहित्याची. शब्दयाद्या, आकड्यांच्या माळा, प्रयुक्ताला (ज्याच्यावर प्रयोग करतो त्याला) द्यायच्या सूचना, गुण कसे मोजायचे, आणि आपल्या मुलांवर काय आकडे आले, हे कुणी कुणाला देत नाही. तुम्ही काही वाटणार असाल तर हेच वाटा.

इंग्रजी साहित्याचं भाषांतर करून का भागत नाही, ते खोट्या आठवणीच्या प्रयोगात लख्ख दिसतं. जेम्स डीझने १९५९ साली याची सुरुवात केली आणि १९९५ मध्ये हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी तो पुन्हा गाजवला. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, सगळे झोपेशी संबंधित, पण 'झोप' हा शब्द मात्र वाचायचा नाही. नंतर आठवतील ते शब्द लिहायला सांगितले की कित्येक जण 'झोप' लिहून मोकळे होतात. रोडिगर-मॅकडरमॉट यांच्या पहिल्याच प्रयोगात न वाचलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा कागदावर आला होता. वर्गात याच्याइतका रंगणारा प्रयोग दुसरा नाही.

आता ती इंग्रजी यादी मराठीत करायला घ्या. तिच्यात स्नूझ, डोझ, नॅप, स्लंबर आणि ड्राउझी असे पाच शब्द आहेत. शब्दकोश उघडलात की 'डुलकी' तीनदा येते, एकाचं 'निद्रा' होतं, म्हणजे जो शब्द लपवायचा तोच नाव बदलून यादीत शिरतो. शिवाय ही यादी कुणी खुर्चीत बसून सुचेल तशी लिहिलेली नव्हती. १९५४ साली रसेल आणि जेनकिन्स यांनी मिनेसोटातल्या विद्यार्थ्यांकडून शब्दसाहचर्याची (कुठल्या शब्दावरून कुठला शब्द सुचतो याची) माहिती जमवली होती, तिच्यातून ती निघाली. आपणही तेच करायचं. एफवायच्या वर्गात जायचं, फळ्यावर 'झोप' लिहायचं आणि डोक्यात पहिला येईल तो एकच शब्द चिठ्ठीवर लिहायला सांगायचा. चिठ्ठ्या मोजायच्या, सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द यादीत वर ठेवायचा. जी मुलं चिठ्ठ्या लिहितात, त्यांच्यावर प्रयोग मात्र करायचा नाही.

माझ्याकडच्या वर्गांतून जमलेली यादी अशी आहे, हवी तर तशीच उचला: अंथरूण, उशी, गादी, पांघरूण, रात्र, स्वप्न, जांभई, घोरणं, पेंग, डुलकी, थकवा, अंगाई, पहाट, गजर, आळस. साधारण दीड सेकंदाला एक शब्द, सपाट आवाजात. तुमच्याकडे 'गोधडी' किंवा 'वाकळ' बरीच वर येईल असा माझा अंदाज आहे, आणि तो फरक कळणं हीच खरी देवाणघेवाण. चार जिल्ह्यांतल्या चार कॉलेजांनी अशा दहा-दहा शब्दांची साहचर्यं जमवली, तर मुलांच्या प्रोजेक्टला वर्षभर पुरेल एवढा ऐवज हाताशी येतो.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक', बाहत्तरऐवजी 'सत्तर दोन' असं वाचन दिलं, तेव्हा वर्तमानपत्रांपासून कट्ट्यांपर्यंत किती धुरळा उडाला ते आठवत असेल. विनोद पुष्कळ झाले, पण त्यामागे बोधनिक मानसशास्त्राचा एक अस्सल प्रश्न होता. आपण पस्तीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि मग तीस, पण लिहिताना आधी तीन लिहावे लागतात. जर्मनमध्येही असंच उलटं असतं, आणि २००९ साली ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात संख्या ऐकून लिहितानाच्या जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित निघाल्या. मराठीत वर आणखी एकोणाची भानगड आहे: एकोणतीस ऐकताना कानावर 'तीस' पडतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ.

प्रयोग फुकटात होतो. दोन अंकी संख्यांची एक माळ तयार करा, तिच्यात एकोणाच्या संख्या मुद्दाम पेरा, ११, २२, ३३ असल्या संख्या टाळा, कारण त्यांच्यात उलटापालट दिसतच नाही. एकदा मराठीत सांगून लिहून घ्या, एकदा इंग्रजीत. नुसतं सांगितलं तर कॉलेजची मुलं फारशी चुकत नाहीत. पण संख्या भराभर सांगा, किंवा लिहिताना तोंडाने 'ळ ळ ळ' म्हणत राहायला लावा, की मजा सुरू होते. चुका दोन खान्यांत मोजा: उलटलेल्या (३५ चे ५३) आणि एकोणाच्या (२९ चे ३९). एवढ्यावरून बालभारतीचं बरोबर होतं की चूक, याचा निकाल लावू नका. मुलं तो लावायला टपलेली असतात. प्रौढांच्या चुका आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचं शिकणं यांत किती अंतर आहे, यावरच एक तास घ्या.

देवनागरीवरचं संशोधनही आहे, फक्त पाठ्यपुस्तकांत ते येत नाही. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांचा २००२ चा अभ्यास शोधून वाचा. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी लिहितो आणि उच्चारतो नंतर, त्याचा वाचनावर काय परिणाम होतो, हे त्यांनी हिंदी वाचकांवर तपासलं. मराठीत तो प्रयोग करून बघणं एमएच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं आहे.

स्ट्रूपच्या प्रयोगाबद्दल (शब्द एका रंगाचं नाव, शाई दुसऱ्याच रंगाची, सांगायचा शाईचा रंग) लोक फार विचारतात म्हणून लिहितो. १९३५ च्या मूळ प्रयोगात संगणक नव्हता. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले आणि दुसऱ्याच रंगाची नावं असलेल्या शब्दांच्या शाईचा रंग सांगायला ११०. तुम्हालाही ड्रॉइंग पेपर, स्केचपेन आणि मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. मात्र 'हिरवा' छापलं असेल तर उत्तरही 'हिरवा' असंच हवं, हे सूचनेत सांगून ठेवा, नाहीतर कुणी 'हिरवी', कुणी 'हिरवं' म्हणतं आणि मोजणारा गोंधळतो.

मोबाईलवरच करायचं असेल तर सायटूलकिट आणि जेएससाइक ही ब्राउझरमध्ये चालणारी, फुकट साधनं आहेत. संगणक असेल तर सायकोपाय, आणि आकडेमोडीला ॲमस्टरडॅम विद्यापीठाचं जास्प, तेही फुकट. प्रत्येकाचा फोन वेगळा, त्यामुळे एका मुलाचा प्रतिक्रियाकाल दुसऱ्याशी ताडू नका. त्याच मुलाच्या त्याच फोनवरच्या दोन स्थितींमधला फरक काढा, तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो. शब्द पडद्यावर आणायच्या आधी जोडाक्षरं आणि वेलांट्या सरळ दिसतात का ते बघा, बिघडत असतील तर शब्दाचं चित्र करून टाका. आणि कृपा करून सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फाँटमधल्या किती चांगल्या प्रश्नपत्रिका आणि याद्या आज उघडल्यावर नुसत्या चौकटी आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दाखवतात, त्याला गणती नाही.

वाचायचं कुठे, हा भाग सोपा आहे. सायआर्काइव्हवर २०१६ पासून लेखांचे मसुदे मोफत असतात. ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर कित्येक अभ्यासांचं मूळ साहित्य आणि आकडेवारी जशीच्या तशी मिळते. सायकोनॉमिक सोसायटीचं 'कॉग्निटिव्ह रिसर्च' हे नियतकालिक पूर्ण खुलं आहे. पैसे भरल्याशिवाय उघडत नाही असा लेख हवा असेल तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. शोधगंगावर आपल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत, मराठीतलेही. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी सरकारी योजना सुरू झालीय, त्यात तुमचं कॉलेज बसतं का ते ग्रंथपालांना विचारा.

एकच लेख वाचायचा तर मुर आणि ड्रॉस यांचा २०१५ चा वाचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने स्वतःवर केलेला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेला विस्मरणाचा प्रयोग त्यांनी पुन्हा केला. एकाच प्रयुक्ताने निरर्थक शब्दखंड पाठ करण्यात सत्तर तास घातले आणि विस्मरणाचा वक्र बराचसा तसाच आला. लेख खुला आहे, आकडेवारीसकट. त्याच वर्षी मानसशास्त्रातल्या शंभर अभ्यासांची फेरतपासणीही प्रसिद्ध झाली होती. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ (नुसत्या योगायोगाने सहसा न येणारा) फरक होता, फेरतपासणीत तो फक्त ३६ टक्क्यांत दिसला. बोधनिक अभ्यासांपैकी निम्मे टिकले, सामाजिक मानसशास्त्रातले चौथा हिस्सा. हे दोन्ही एकाच आठवड्यात शिकवा. मुलांना प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये 'निष्कर्ष: गृहीतक सिद्ध झाले' असं छापील उत्तर लिहायची सवय असते, तिला त्याने जरा खीळ बसते.

तुमचं साहित्य इतरांना द्यायचं तर ओएसएफवर मोफत पान उघडता येतं आणि त्याला कायमचा डीओआय (लेख-साहित्याची ओळख पटवणारा) क्रमांकही घेता येतो. व्हॉट्सॲपवरची फाइल महिन्याभरात वाहून जाते. पानावर यादी, तोंडी दिलेल्या सूचना शब्दशः, गुणांकन, आणि आकडेवारीचा साधा तक्ता ठेवा. 'श्रेय देऊन कोणीही वापरावं' असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. परिणाम दिसला नसेल तरीही टाका, किंबहुना आवर्जून टाका. पण विकत घेतलेल्या बुद्धिमापन चाचण्या स्कॅन करून चढवू नका. स्वामित्वहक्काचा प्रश्न आहेच, शिवाय प्रश्न फुटले की ती चाचणी सगळ्यांसाठीच निकामी होते. मुलांची लेखी संमती घ्या, नाव आणि रोल नंबर काढा. वय आणि लिंग मिळूनही माणूस ओळखू येतो हे विसरू नका. वीस जणांच्या वर्गात चाळिशीतल्या एकच बाई शिकत असतील तर नाव झाकून काय उपयोग? वयोगट द्या, नेमकं वय नको.

घडामोडींसाठी अलाहाबाद विद्यापीठाचं बोधनिक विज्ञान केंद्र, हैदराबाद विद्यापीठातलं केंद्र आणि आयआयटी गांधीनगर यांच्याकडे लक्ष ठेवा. कॉग्निटिव्ह सायन्सची वार्षिक परिषद देशात फिरती असते, मुलांना पोस्टर घेऊन न्यावं अशी. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'एपिस्टीम' परिषद शिकण्या-शिकवण्यावरची आहे, आणि संख्यावाचनासारखा विषय तिथे चपखल बसतो. पाचशे रुपयांत ई-सर्टिफिकेट देणाऱ्या वेबिनारांची पत्रकं आली तर वक्त्यांची नावं आधी बघा. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची यादी) बंद केल्यापासून 'मान्यताप्राप्त' म्हणवणाऱ्या नियतकालिकांचं पेव आणखी फुटलंय. पैसे भरल्यावर आठवड्यात लेख छापून देतात त्यांना मुलांचं काम देऊ नका. तीच आकडेवारी ओएसएफवर फुकट ठेवली तर निदान कुणीतरी ती उघडून वापरेल.