वाचकांचे प्रश्न: शांत समुद्रावर फिरायला पॅडलबोर्ड कोणता घ्यावा?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नागपूरला प्रतापनगरात राहतो, वय 42, वजन 86 किलो. दिवाळीत आम्ही तारकर्लीला गेलो होतो, तिथे कर्ली नदीच्या पात्रात भाड्याने पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची तरंगती फळी, घेतला आणि मी, बायको आणि दहा वर्षांची मुलगी, तिघंही त्याच्या प्रेमातच पडलो. आता स्वतःचा घ्यायचा विचार करून राहिलो आहोत. लाटांवर वगैरे जायचं नाही, सकाळी पाणी शांत असतं तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने आरामात फिरायचं, बस्स. एक मित्र म्हणतो हार्ड बोर्डच घे, फुगवायचा म्हणजे खेळणं. दुकानदार म्हणतो 10 फूट लांब आणि 34 इंच रुंद घ्या, पडणारच नाही. बायकोचं वजन 60 च्या आसपास आहे, बोर्ड दोघांना मिळून एकच घेणार. काय पाहून घ्यायचं ते जरा सविस्तर सांगा.

उत्तर: भाऊ, मित्राचा मुद्दा आधी निकालात काढते, त्याला फार वेळ लागत नाही. हार्ड बोर्ड पाण्यावर छान चालतो, वादच नाही, पण साडेदहा-अकरा फुटांची वस्तू फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे आणि हजारेक किलोमीटरवर मालवणला नेणार कशी? फुगवायचा बोर्ड, म्हणजे इन्फ्लेटेबल, गुंडाळला की पाठीवरच्या बॅगेत बसतो, पंप आणि पॅडल धरून साधारण 12 ते 15 किलो भरतो, नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरायचं, रिक्षात टाकायचा आणि थेट तारकर्लीशेजारचं देवबाग. आणि तो खेळणं अजिबात नाही. त्याच्या आत ड्रॉप-स्टिच नावाचं कापड असतं, वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेला, त्यामुळे 15 पीएसआयपर्यंत (हे हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरली तरी मधे फुगवटा येत नाही, सपाट आणि कडक राहतो. फक्त जाडी 6 इंच घ्या. 4 इंची बोर्ड 86 किलोखाली मधे वाकतो, आणि वाकलेला बोर्ड पाणी कापत नाही, ढकलत बसतो.

आता दुकानदाराचा 10 फूट बाय 34 इंच, आणि इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. बोर्ड घेताना सगळे विचारतात की मी पडणार तर नाही ना, पण शांत समुद्रावर फिरणाऱ्याने विचारायला पाहिजे की वारा सुटल्यावर हा बोर्ड मला परत आणेल का. सकाळी सात वाजता पाणी स्थिर असतं, तेव्हा कोणताही बोर्ड चांगलाच वाटतो, तुम्ही गप्पा मारत दीड-दोन किलोमीटर जाता आणि मग वारा सुटतो. उभा माणूस म्हणजे चालतंफिरतं शीड. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणजे ताशी 10 चा वारा 20 वर गेला की तुम्हाला वाटेल कोणी मागे ओढून राहिलंय. अशा वेळी आखूड आणि रुंद बोर्ड प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरवतो, तुम्ही तीन वल्ही इकडे मारता, तीन तिकडे, आणि अर्धी ताकद नाक सरळ ठेवण्यातच जाते.

रुंदीने तोल मिळतो हे खरंच आहे, आणि भरपूर मिळतो. तोल रुंदीच्या घनाने वाढतो म्हणून 30 इंचावरून 33 वर गेलं तर फक्त तीन इंचांत साधारण एक तृतीयांश स्थिरता वाढते. पण पुढे प्रत्येक इंचाची किंमत वेगात आणि सरळ चालण्यात मोजावी लागते, शिवाय 34 इंचांच्या बोर्डावर तुमच्या घरच्यांना वल्हं बाहेर काढून सरळ खाली घालायला खांदा ताणावा लागेल. म्हणून तुम्हाला माझा आकडा असा: लांबी 11 ते साडेअकरा फूट, रुंदी 32 इंच, फार तर 33, जाडी 6 इंच, नाक थोडं निमुळतं, एकदम गोल नको आणि वर जास्त वळलेलंही नको कारण वर आलेलं नाक वारा पकडतं. साडेबारा फुटी, 30 इंची टुरिंग बोर्ड याहून पळतो, पण पहिला बोर्ड म्हणून दोघांत एकच घ्यायचा तर तो नको, पहिल्या सुट्टीत तुम्ही उभं राहण्यातच गुंताल.

या मापाचा बोर्ड साधारण 300 ते 330 लिटरचा असतो. ढोबळ अर्थ असा की पूर्ण बुडाला तर तेवढे किलो पाणी बाजूला सारेल, समुद्राचं पाणी खारट म्हणून दोन-अडीच टक्के जास्तच. तुम्ही 86, मुलगी तीसेक, पाण्याच्या बाटल्या-बॅग मिळून 120 च्या आसपास, म्हणजे आरामात. कंपनी जे कमाल वजन छापते ना, त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांतच राहायचं हा माझा नियम, छापलेल्या मर्यादेला गेलात तर बोर्ड तरंगेल पण चालणार नाही. मुलीला पुढे बसवाल तेव्हा तुम्ही मधल्या हँडलपासून थोडं मागे उभे राहा म्हणजे नाक पाण्यात घुसणार नाही.

फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे लावायचं पातं, बघून घ्या, याच्याकडे दुकानात कोणी लक्षच देत नाही. सरळ चालायला मधला एक मोठा फिन लागतो, साधारण 9 इंची, आणि तो काढता-घालता येणारा हवा. यूएस फिन बॉक्स, म्हणजे फिन बसवायची ठरावीक मापाची खाच, असेल तर उत्तम, कारण त्यात दुसऱ्या कंपन्यांचेही फिन बसतात आणि एक आखूड फिन जवळ ठेवता येतो. देवबागकडे ओहोटीला वाळूच्या दांड्यांवर पाणी घोट्याएवढं होतं, तिथे 9 इंची फिन वाळूत अडकला की बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही पुढे पडता. फिनचा वळलेला शेंडा मागच्या बाजूला ठेवायचा, उलटा लावलेला दिसतो बरेचदा. त्याचा छोटा स्क्रू वाळूत पडला की सापडत नाही, दोन जास्तीचे ठेवा.

पॅडलबद्दल थोडक्यात: उंचीपेक्षा 8 ते 10 इंच लांब, तुम्ही दोघं वापरणार म्हणून 170 ते 215 सेंटीमीटरपर्यंत कमी-जास्त होणारं घ्या, आणि पातं पुढच्या दिशेला झुकलेलं धरायचं, नवीन माणूस हमखास उलटं धरतो. बोर्डसोबत फुकट मिळणारं ॲल्युमिनियमचं पॅडल जड असतं, तासाभरात खांदे बोलायला लागतात. बोर्डवर थोडे पैसे वाचले तर ते फायबरग्लास किंवा कार्बनच्या पॅडलमध्ये घाला, फरक लगेच जाणवेल.

आता वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे अगदी तंतोतंत लागतं. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून थंडीत पहाटे-सकाळी कोकणात वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, हे मतलई. किनाऱ्याजवळ त्यामुळे पाणी सपाट दिसतं आणि माणूस फसतो, कारण हाच वारा तुम्हाला हळूहळू बाहेर नेत असतो आणि जितकं बाहेर जाल तितका त्याचा जोर वाढतो, माडांचा आडोसा मागे राहतो. दुपारकडे वारा उलटतो, वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि पाणी खळबळायला लागतं. त्यामुळे पहाटे निघा, किनाऱ्याला समांतर चाला, पाणी छातीएवढं असेल तिथेच राहा, आणि सुरुवातीला नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा म्हणजे दमलेले असाल तेव्हा वारा पाठीशी असेल. खूपच सुटला तर लाज न बाळगता गुडघ्यांवर बसा, पॅडल आखूड धरा, शीड निम्मं होतं.

कर्ली जिथे समुद्राला मिळते त्या संगमावर ओहोटी चालू असताना जाऊच नका, नदीचं आणि भरतीचं सगळं पाणी एकाच तोंडातून बाहेर पडतं आणि तुमच्या वल्ह्यापेक्षा ते जोरात असतं. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे ढोबळमानाने भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, रोज ते पाऊण तासाने पुढे सरकतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. हा अंदाज झाला, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि तिथल्या होडीवाल्याला विचारा. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असेल तर जाळ्यापासून लांबून जा, ती त्यांच्या पोटाची गोष्ट आहे. आणि पावसाळ्यात कोकणचा समुद्र विसरून जा.

लीश, म्हणजे पायाला आणि बोर्डाला बांधायची दोरी, ही तर पाहिजेच पाहिजे. शांत पाण्याला गुंडाळी असलेली घ्या, ती पाण्यात लोंबत नाही. तुम्ही पडलात आणि लीश नसेल तर रिकामा बोर्ड वाऱ्याबरोबर असा पळतो की चांगला पोहणाराही गाठू शकत नाही. लाइफ जॅकेट तिघांनाही, मुलीचं तिच्या वजनाच्या मापाचं.

प्रश्न: ताई, आमचा बोर्ड फुगवायचा आहे. मे महिन्यात खिंडसी तलावावरून येताना तसाच फुगलेला गाडीत ठेवला तर चालेल का? आणि एरवी गच्चीवर ठेवला तर?

उत्तर: नाही हो, दोन्ही नको. सकाळी 30 अंशांत 15 पीएसआय भरला आणि बंद गाडीत आत 60 अंश झालं, नागपूरच्या उन्हात हे सहज होतं, तर आतला दाब 18 च्या जवळ जातो आणि त्याच वेळी कडेच्या शिवणीचा गोंद उन्हाने मऊ पडतो. फुटला नाही तरी शिवण सुटायला सुरुवात होते आणि ते दिसतं पुढच्या वर्षी. पाण्याबाहेर काढला की दोन-चार पीएसआय सोडून द्या, सावलीत ठेवा, गडद रंगाचा असेल तर आणखी लवकर. याच्या उलटही होतं बरं का, कडक उन्हात भरून थंड पाण्यात टाकला की दाब उतरतो आणि बोर्ड ढिला लागतो, दहा मिनिटांनी एकदा तपासून घ्या. समुद्रावरून आलात तर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, सैलसर गुंडाळून घरात ठेवा, गच्चीवर आणि टिनाखाली नाही.

प्रश्न: पंप मारून हात दुखतात. चौकातल्या टायरवाल्याकडून हवा भरून घेतली तर?

उत्तर: नको भाऊ. बोर्डाचा वॉल्व्ह टायरपेक्षा वेगळा असतो, आणि कॉम्प्रेसरच्या जोराने कधी 25 झाले कळणारही नाही. दोन्हीकडून हवा देणारा हातपंप घ्या, सात-आठ पीएसआयनंतर तो एकेरी करा, आठ-दहा मिनिटांत होतं. वॉल्व्हची पिन वर आलेली आहे ना ते आधी बघा, खाली दाबलेली राहिली तर नळी काढताक्षणी सगळी मेहनत फुस्स. नाहीतर बोर्डसाठीचाच 12 व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप मिळतो, आकडा लावला की स्वतःच थांबतो.

प्रश्न: नागपुरात सराव कुठे करायचा? मला पोहणं फारसं येत नाही, बोर्डावर चालेल का?

उत्तर: रामटेकजवळ खिंडसीला बोटिंग आहे, तिथे विचारून, परवानगी घेऊन उतरा. अंबाझरी किंवा फुटाळ्यात स्वतःचा बोर्ड परस्पर टाकू नका, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारा, आणि तोतलाडोहचा तर विचारच नको, तो पेंच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

पोहण्याबद्दल स्पष्ट सांगते, आधी पोहायला शिका, मग बोर्ड. एखादा उन्हाळा तरणतलावावर घाला, निदान 50 मीटर न थांबता आणि पाच मिनिटं जागच्या जागी तरंगता आलं पाहिजे. मग खिंडसीवर जॅकेट घालून, काठाजवळ, मुद्दाम पडा आणि परत चढायची सवय करा: बोर्डाच्या बाजूला मधोमध यायचं, एक हात मधल्या हँडलवर, पाय मागे पाण्याच्या पातळीला आणून जोरात मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं.  खोल पाण्यात, दमलेलं असताना, कोणाच्या मदतीशिवाय हे जमायला लागलं की मग कोकणचं तिकीट काढा.