बोटाच्या सांध्याचे पहिले संगणकीय मॉडेल करताना
पूर्ण हाताऐवजी बोटाच्या मधल्या सांध्यापासून सुरुवात करावी, कारण तो जवळजवळ बिजागरीसारखा वाकतो, तर मुळाचा सांधा बाजूलाही हलतो. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे बोटाच्या टोकावरील भार तेवढाच सांध्यावर येतो असे धरणे. प्रत्यक्षात कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) हाडाला लगटून जातात, त्यांचा तरफेचा हात (सांध्याच्या अक्षापासूनचे अंतर) आखूड असतो, आणि म्हणून त्यांना जास्त जोराने ओढावे लागून टोकाशी १० न्यूटन बल असताना सांध्यावर त्याच्या कित्येक पट बल पडते. कृत्रिम सांध्याला रोज सोसायचे असते ते हेच. मॉडेलचा आकार सीटी स्कॅनवरून घेत असाल, तर त्यात कूर्चा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण) नीट दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत विभागून गणित केले जाते ती जाळी आणखी बारीक केल्यावर उत्तर बदलते का, हे तपासल्याशिवाय ताण दाखवणाऱ्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवू नका. कृत्रिम सांध्यातील सिलिकॉनचे अरेखीय वर्तन (बलाच्या प्रमाणातच न ताणले जाणे) तूर्त बाजूला असू द्या.