‘गणपती होऊन जाऊ दे, मग बघू’

न्यू जर्सीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. राजापूर तालुक्यातील गावी राहणाऱ्या त्यांच्या ७२ वर्षांच्या वडिलांना दोन महिन्यांपासून खोकला आहे, वजन उतरले आहे, आणि एरवी दोन वाट्या पेज पिणारा माणूस अर्धी वाटी बाजूला सारतो. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. रत्नागिरीला सीटी स्कॅन केला, तेव्हा अहवालाच्या शेवटी ‘निओप्लास्टिक एटिऑलॉजी टू बी रूल्ड आउट’ (म्हणजे कर्करोगाच्या गाठीची शक्यता तपासून पाहावी) आणि त्याखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’ अशा दोन ओळी आल्या. एक डॉक्टर टीबी म्हणतात, दुसरे गाठ म्हणतात. दादा म्हणतो, ‘तू तिथून काय करणार, उगाच घाबरू नकोस.’ आई फोनवर काही बोलत नाही. बाबांचे म्हणणे एवढेच, की ‘गणपती होऊन जाऊ दे, मग बघू.’ या भगिनींनी गणपतीची तिकिटे फेब्रुवारीतच काढलेली आहेत. ती अलीकडे आणावीत का, बाबांना ‘तो’ शब्द सांगावा का, आणि डॉक्टर नक्की काय ते का सांगत नाहीत, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

उत्तराची सुरुवात मी बाबांच्या वाक्यापासून करते. कोकणात एखादी गोष्ट पुढे ढकलण्यासाठी गणपतीइतके सभ्य कारण दुसरे नाही, कारण त्याला कुणी नाही म्हणत नाही. माटवीचे (गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या सजावटीच्या चौकटीचे) सामान कोण आणणार, पूजेला कोण बसणार, चाकरमानी येणार तेव्हा घर कसे दिसणार, ही काळजी खरीच आहे. पण त्या वाक्याच्या आड भीती आहे, आणि घरातले कुणी ते खोडून काढत नाही याचे कारण तीच भीती सगळ्यांना आहे. पत्र आषाढातले आहे, म्हणजे चतुर्थीला दीड महिना आहे. इतके दिवस तपासणी थांबवू नये. उलट आत्ता त्या डागाचा तुकडा काढून (म्हणजे बायोप्सी करून) तपासायला गेला, तर गणपतीपर्यंत निदान हाती असण्याची शक्यता पुष्कळ आहे, आणि बाबांशी बोलताना हीच बाजू मांडावी: ‘गणपतीच्या आधी उरकून घेऊ, म्हणजे पाच दिवस निवांत बसता येईल.’ हे वाक्य अमेरिकेतून आले तर हुकूम वाटेल. ते दादाने किंवा वाडीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याने म्हणावे.

आता डॉक्टरांविषयी. ते लपवत आहेत असे तुम्हाला वाटते आहे, पण बहुधा त्यांनाही अजून माहीत नाही. फुप्फुसाच्या वरच्या भागातला डाग क्षयाचा असू शकतो, कर्करोगाचा असू शकतो, जुन्या बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण असू शकतो, किंवा रेंगाळलेल्या न्यूमोनियाचाही. खोकला, उतरलेले वजन, संध्याकाळचा बारीक ताप, बेडक्यातून रक्त, ही लक्षणेही दोन्ही आजारांत सारखीच. सीटी स्कॅनमध्ये गाठीच्या कडा, आकार, आजूबाजूच्या ग्रंथी दिसतात आणि त्यावरून संशय वाढतो किंवा कमी होतो; निदान मात्र त्यावर ठरत नाही. ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’ या ओळीचा अर्थ एवढाच, की चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांनी रुग्ण पाहिलेला नाही आणि ज्यांनी पाहिला आहे त्यांनी दोन्ही गोष्टी जुळवून घ्याव्यात. ती ओळ जवळजवळ प्रत्येक अहवालावर असते, तिच्यावरून रात्र जागवू नका. पेट स्कॅन करा म्हणजे कळेल, असेही तुम्हाला कुणी सांगेल. तो रोग कुठे कुठे पसरला आहे हे पाहायला चांगला, परंतु क्षयाची जागाही त्यात कर्करोगासारखीच उजळते, आणि आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

माझे मामा देवगडच्या पलीकडे एका गावी राहात. त्यांचा डाग निघाला तेव्हा बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी एक्स-रेवरून गोळ्या सुरू झाल्या. मामींनी ती फिल्म शालूच्या दुकानाच्या पिशवीत जपून ठेवली होती आणि मामा आल्यागेल्याला ती खिडकीच्या उजेडात धरून ‘हा बघ डाग’ म्हणून दाखवीत. सुरुवातीला खोकला जरा उतरला, तेवढ्यावर आम्ही सगळे निश्चिंत झालो. अडीच महिन्यांनी मानेशी गाठ लागली, त्या गाठीत सुई घालून तपासले तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग निघाला. मी कुणाला दोष देत नाही, कारण क्षय इतका पसरलेला असताना आधी क्षयाचा विचार करणे चूक नव्हते. गोळ्यांचा उपयोग होतो आहे की नाही हे ठरलेल्या तारखेला पुन्हा पाहिले गेले नाही, एवढेच खरे दुखणे होते. याच्या उलटही घडते. कर्करोग धरून चाललेल्या घरात तुकड्याच्या तपासणीत क्षय निघतो आणि काही महिन्यांच्या गोळ्यांनी माणूस शेतावर परत जातो. तुमच्या बाबांचे काय निघेल ते मी सांगू शकत नाही, आणि जो फिल्म पाहून छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून दादाला दर फोनवर ‘काय निघाले?’ असे विचारणे सोडून द्या. त्याऐवजी ‘पुढची तपासणी कोणती आणि तारीख कोणती?’ असे विचारा. बहुधा क्रम असा असतो: पहाटेचा बेडका तपासायचा, त्यावर क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी करायची (सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत होते), आणि त्यातून उलगडा झाला नाही तर तुकडा काढायचा. तो दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या वाटेने निघतो, किंवा सीटी स्कॅनवर पाहात छातीच्या बाहेरून सुईने. छातीत पाणी झाले असेल किंवा मानेत गाठ असेल, तर तिथून नमुना घेणे सोपे जाते. बाबा हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ती आधीच सांगायला हवी. गावठी औषध चालू असेल तर तेही. आणि एक बारीक गोष्ट, जी ऐन वेळी कुणाच्या लक्षात राहात नाही: तुकडा पूर्णपणे फॉर्मेलिनमध्ये टाकला तर त्यातले जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता येत नाही. त्यामुळे नमुन्याचा काही भाग क्षयाच्या तपासणीसाठी सलाइनमध्ये वेगळा जाणार आहे ना, हे दादाने तुकडा काढण्यापूर्वीच नम्रपणे विचारून घ्यावे. एकाच सुईत दोन्ही प्रश्न सुटतात.

‘सुई लागली की पसरतो’ हे वाडीत कुणीतरी म्हणणारच. रोग वाढत असतो, त्याच सुमारास सुई लागते, आणि दोष सुईवर जातो. सुईचा खरा धोका वेगळा आहे: काही रुग्णांच्या फुप्फुसाभोवती हवा साठते. म्हणून त्यानंतर काही तास रुग्णालयातच थांबवून पुन्हा एक्स-रे काढतात. तो धोका डॉक्टरांकडून आईसमोर समजावून घ्या, म्हणजे काल्पनिक भीतीला जागा उरत नाही.

तुकडा गेल्यावरही उत्तर लगेच येत नाही, आणि परदेशातल्या लेकरांचा धीर इथेच सुटतो. साधा अहवाल काही दिवसांत येतो, मग विशेष रंग देऊन पेशींचा प्रकार ठरवतात, आणि कर्करोग निघाला तर जनुकातले बदल शोधायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. कधी नमुना अपुरा निघतो आणि पुन्हा सुई घालावी लागते. ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असा अहवाल आला तरी, चित्र संशयास्पद असेल तर डॉक्टर पुन्हा तपासा म्हणतील. त्याला हलगर्जीपणा समजू नका. जनुकांच्या तपासणीची वाट मात्र जरूर पाहा. भारतीय रुग्णांत, विशेषतः कधी बिडी-सिगारेट न ओढलेल्यांत, ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा अधिक वेळा सापडतो, आणि तो सापडला तर रोज घ्यायच्या गोळीने उपचार करता येतात. तुम्ही रात्री वाचत बसता ती अमेरिकी आकडेवारी तुमच्या बाबांची नाही, हे यासाठी सांगते.

कुठे न्यावे याबद्दल थोडक्यात. परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि त्याचे खारघरचे केंद्रही आहे. गर्दी आहे, पण तिथे बाहेरच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक पुन्हा तपासले जातात. चिपळूणच्या अलीकडे डेरवणचे वालावलकर रुग्णालय टाटाबरोबर काम करत आले आहे आणि ते घरापासून जवळ पडते. राजापूरकडची काही मंडळी अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जातात, पण पावसात त्या घाटात दरड केव्हा येईल याचा नेम नसतो. कोकण रेल्वेच्याही गाड्या पावसाळी वेळापत्रकाने धावतात, तेव्हा त्याच दिवशी सकाळची वेळ गाठण्याच्या भरवशावर राहू नये. आदल्या दिवशी दादरला उतरून मुक्काम करावा. कुठेही न्या, स्कॅनची सीडी, स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. शिधापत्रिका हाताशी ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, मात्र रुग्णालय योजनेत असले पाहिजे.

आता ज्याच्याविषयी तुम्ही विचारलेच नाही, त्या माणसाविषयी. दादा. पहाटे उठून बाबांना गाडीत बसवणारा, रांगेत नंबर लावणारा, लावणीला गडी न मिळाल्यामुळे आधीच वैतागलेला, आणि रात्री तुमच्या फोनला उत्तरे देणारा तोच आहे, आणि त्याच्यामागे घर सांभाळणाऱ्या वहिनी. ‘तू तिथून काय करणार’ हे वाक्य तुम्हाला लागले असेल, पण ते रागाने आलेले नाही, थकव्याने आले आहे. तुम्ही करू शकाल असे पुष्कळ आहे. अहवालांचे फोटो तारखांप्रमाणे एका जागी ठेवा आणि दर भेटीपूर्वी डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न मराठीत लिहून पाठवा. तीनच, तेरा नव्हेत. काकांना, मावशीला, मुंबईच्या चुलतभावंडांना बातमी देण्याचे काम तुम्ही उचला, म्हणजे दादाचा फोन मोकळा राहील. त्याने मागण्यापूर्वी पैसे पाठवा, हिशेब मागू नका, आणि पैसे पाठवले म्हणून रुग्णालय कोणते हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे आला असे मानू नका. या शेवटच्या गोष्टीवरून भावंडांची तोंडे वर्षानुवर्षे फिरलेली मी पाहिली आहेत. वहिनींना स्वतंत्र फोन करा. ‘बाबा कसे आहेत’ हे त्या फोनवर सुरुवातीलाच विचारू नका.

आणि बाबांना सांगावे का? माझे मत स्पष्ट आहे: त्यांना खोटे सांगू नये, पण जे अजून ठरलेलेच नाही ते ठरल्यासारखेही सांगू नये. ‘छातीत कफ झालाय’ म्हणून त्यांना कर्करोगाच्या रुग्णालयाच्या दारात उभे केलेत, तर दारावरची पाटी त्यांना वाचता येते. ‘डाग कशाचा आहे ते अजून कळलेले नाही, क्षयाचा असेल, गाठीचाही असू शकेल, म्हणून तुकडा तपासायचा आहे’ एवढे त्यांना दादाने पडवीत शांतपणे सांगावे आणि मग विचारावे, ‘निघेल ते तुम्हाला सांगू, की आधी आम्ही ऐकू?’ काही माणसे ‘तुम्हीच बघा’ म्हणतात, तोही त्यांचा निर्णय आहे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालायचे असेल तर घालू द्या, त्याने तपासणी अडत नाही. ‘बिडी ओढायचात म्हणून झाले’ हे मात्र कुणीही, विशेषतः आईने, तोंडातून काढू नये. बिडी अजून चालू असेल तर ती आता सुटली पाहिजे, हे डॉक्टरांकडून येऊ द्या. आणि उभा जन्म चुलीसमोर बसलेल्या आईलाही खोकला असेल, तर तिलाही एकदा दाखवून आणा.

बेडक्यातून वाढते रक्त, एकाएकी दम लागणे, चेहरा आणि मान सुजणे, बरळणे, किंवा पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती जाणे, यांतले काही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. हे दादाला लिहून पाठवा.

तिकिटाचे राहिले. नुसत्या संशयावर धावत येऊ नका. तुम्ही आलात की सुट्टीचे पंधरा दिवस अहवालाची वाट पाहण्यात संपतील आणि उपचार ठरवायच्या वेळी तुम्ही नेवार्कच्या विमानात असाल. गणपतीचे तिकीट आहे तसे ठेवा, परतीची तारीख मात्र बदलता येईल अशी करून घ्या. कर्करोग ठरला तर पहिल्या उपचाराच्या दिवसांत दादाला सोबत लागेल, आणि क्षय ठरला तर नातवंडांना घेऊन माटवी बांधायला बसा. तोवर तुमच्या रात्री साडेआठला गावी सकाळचे सहा वाजतात, बाबा खळ्यात येऊन बसलेले असतात. त्या वेळी फोन करा आणि सुरुवात तुकड्यापासून करू नका. मोहोराला अजून अवकाश आहे, पण पाऊस किती पडला आणि लावणी कुठवर आली, हे त्यांना तुम्हाला सांगायचे असते.