तू काय करतोस ते सांग

प्रिय मित्रा,

परवा रात्री तुझा मेसेज वाचला. 'बाल्डर्स गेट ३' हा कंप्युटर गेम दोनदा संपवलास, कुठला क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, काय करतो ते तोंडपाठ आहे, आणि तरी रविवारी दादरला आमच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसल्यावर काही सुचेना. 'दादा, पर्याय काय आहेत तेच कळत नव्हतं,' असं लिहिलंस. त्याखाली 'मला हे जमणारच नाही का?' असंही. त्या शेवटच्या ओळीसाठी हे लिहितोय. ती ओळ मनात धरून न सांगता निघून गेलेले लोक मी पाहिलेत. त्यातले दोघे तर फार चांगले खेळले असते.

पर्याय तुला दिसले नाहीत, कारण ते नव्हतेच. तू काय करतोस ते तू सांगायचं, मग पुढचं घडतं. एवढाच हा खेळ आहे.

माझ्या गोष्टीतला तो नावाडी आठव. खाडी ओलांडायची होती आणि तो रात्री होडी काढायला तयार नव्हता. तू कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राची कौशल्यं लिहिलेल्या कागदावर, बोट फिरवत विचारलंस, 'पर्स्युएजन मारू?' म्हणजे मन वळवण्याच्या कौशल्यासाठी फासा टाकू का. मी म्हटलं, त्याला काय म्हणतोस ते सांग. तू पुन्हा शीटकडे पाहिलंस. तुझ्या शेजारी बसलेल्या मुलीने आयुष्यात कधी गेमिंगचा माऊस धरलेला नाही. तिने विचारलं, 'त्याचं जाळं फाटलंय का?' मी तोवर जाळ्याचा विचारही केला नव्हता. म्हटलं, हो, फाटलंय. ती म्हणाली, 'मी त्याच्याशेजारी बसून ते शिवायला घेते आणि घरी कोण कोण आहे ते विचारते.' फासा टाकावाच लागला नाही. त्या नावाड्याला मुलगी आहे हे तिने विचारलं म्हणून ठरलं, आणि पुढचा अख्खा तास त्या मुलीभोवती फिरला.

तिला तुझ्यापेक्षा जास्त काही येत नव्हतं. तिने फक्त शीटकडे न बघता नावाड्याकडे बघितलं.

तुझ्या गेममध्ये संवादाच्या ओळी स्क्रीनवर येतात, कुठल्या ओळीला कुठलं कौशल्य लागेल ते लिहिलेलं असतं, किती आकडा हवा तेही दिसतं. तिथे ते योग्यच आहे, कारण प्रत्येक उत्तर आधी कुणीतरी लिहून, आवाज देऊन ठेवावं लागतं. टेबलावर तसं काही आधी लिहिलेलं नसतं. आपल्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात सुरुवातीलाच खेळाचा क्रम दिलाय : डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आमच्याकडे मी, परिस्थिती सांगतो, खेळाडू काय करणार ते सांगतात, मग डीएम परिणाम सांगतो. फासा लागतो तो मधल्या पायरीनंतर, आणि तोही निकाल अनिश्चित असेल तरच. तू मधली पायरी सोडून थेट फाशाला हात घालत होतास.

नियम माहीत आहेत म्हणालास, म्हणून एक सांगतो. तुझ्या गेममध्ये कौशल्याच्या चाचणीला वीस बाजूंच्या फाशावर २० पडला की काम होतंच, १ पडला की फसतंच. २०१४ च्या पुस्तकात हा मान हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याच्या चाचणीला नाही. २० टाकून राजाकडे राज्य मागितलंस तरी तो देणार नाही, फार तर हसून सोडून देईल. म्हणून काय मागतोस आणि कसं मागतोस हे आकड्याच्या आधी येतं. तू काय करतोस ते सांग.

हा माझा एकट्याचा हट्ट नाही. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसलीने एक युद्धखेळ मांडला, ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावाचा. सैन्यं हलवण्याऐवजी त्याने प्रत्येकाला एकेक माणूस दिला. ज्यांना नियमच नव्हते अशा गोष्टी लोक करायला लागले, आपापसांत कारस्थानं रचायला लागले. वेसलीला वाटलं खेळ फसला. खेळणारे मात्र पुन्हा खेळू म्हणाले. त्यांच्यातला डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पर्यंत पोचला, १९७४ मध्ये. तुझ्या ओळखीचे लेव्हल, हिट पॉइंट, एक्सपी हे सगळं तिथून कंप्युटरवर गेलंय. तेव्हा परक्या घरी आल्यासारखा बसू नकोस.

फसण्याची भीती वाटत असेल तर तीही कळते. एफ ५ दाबून सेव्ह करायची आणि फसलं की मागे जायची सवय झालीय. इथे मागे जाता येत नाही. पण फसलं म्हणजे खेळ थांबत नाही रे, वेगळंच काहीतरी सुरू होतं. आणि इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून गप्प बसला असशील तर कमाल आहे. आमच्या टेबलावर ड्रॅगनसुद्धा मराठीत बोलतो.

नवख्याला दोन-तीन पर्याय सुचवावेत, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय. मी सुचवत नाही. त्यावरून कडक, आडमुठा असं बरंच ऐकून घेतलंय, आणि गेलेल्या त्या दोघांचं खापरही माझ्यावर फुटलंय. तरी मी बदलणार नाही. मी तीन पर्याय दिले असते तर फाटलेलं जाळं कधीच आलं नसतं. आमचं जुनं टेबल मोडलं तेव्हा मी काही वर्षं एकटाच कंप्युटरवर खेळलो. एक मित्र बंगळूरला गेला, एक कॅनडाला, उरलेल्यांना या शहरात रविवारचे चार तास एकत्र सापडेनात. ते गेम उत्तम होते, आजही खेळतो. पण त्या वर्षांत समोरच्या माणसाच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीने मी एकदाही चकित झालो नाही. मेगाब्लॉकमध्ये धक्के खात लोक डोंबिवलीहून दादरला येतात ते त्यासाठी. त्यांना मी मेनू वाचून दाखवणार नाही.

रविवारपर्यंत क्लास आणि बिल्डचे, म्हणजे पात्र ताकदवान कसं बनवायचं त्याचे, व्हिडिओ बघू नकोस. मूळ नियम मोफत मिळतात, त्यातला खेळाच्या क्रमाचा भाग तेवढा वाच. तुझ्या पात्राला कुणाचे पैसे द्यायचे आहेत आणि कुणाला तोंड दाखवायची लाज वाटते, ते ठरवून ये. अडलास तर मला विचार, मध्यरात्रीही उत्तर देईन. फक्त 'कुठला फीट, कुठली खास क्षमता घेऊ' असं विचारू नकोस, त्याला उत्तर मिळणार नाही.

तुझा,
दादा